कडूबा तुळशीराम, कोळसेवाला

मलकापूर, शनिवार, ता. १५ एप्रिल १९३३

सकाळी मलकापूरला उतरलो. रात्रभर इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जाऊन डोळे चुरचुरत होते, तरी मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. स्टेशनाबाहेर येताच एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने विचारलं, "कोठी जाचं बाप्पा?" आणि मला उगाच वाटलं की हा माझ्या घरचीच भाषा बोलतो आहे. खरं तर वऱ्हाडी बोली मी जन्मात ऐकली नव्हती.

धर्मशाळेत अंघोळ उरकून ही वही उघडली आहे. पुढे पोरांनी विचारलं की आपलं गाव कसं सापडलं, तर दाखवायला काही असावं.

आमच्या घराला गावच नव्हतं. आजोबा आगबोटीवर कोळसेवाले होते, पुढे आगवाले झाले, आणि मी सहा वर्षांचा असताना माझगावच्या चाळीत वारले. त्यांचं नाव कडूबा. वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं, वडिलांनी बापाचं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून आम्ही कडू झालो. गाव कुठलं, कुळी कुठली, देवक काय, हे आजोबांनी कोणालाच सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत परळच्या भगवानरावांच्या कोकिळेचं स्थळ आलं. मुलगी मला पसंत, मी तिला पसंत. पण भगवानराव जुन्या वळणाचे. देवक कळल्याशिवाय सुपारी फुटणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं.

मी गोदीतल्या खलाशांच्या कचेरीत कारकून आहे, हे देवाने याचसाठी योजलं असावं. कचेरीच्या माडीवर जुनी खलाशीबुकं आणि उतारूंच्या याद्या ढिगाने पडलेल्या आहेत, निम्म्या वाळवीने खाल्लेल्या. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी त्यांत डोकं घालून बसायचो. आजोबांचं नाव उलट्या वाटेने सापडत गेलं. आधी तेलवाला, मग आगवाला, मग कोळसेवाला. एकेक बोट मागे, एकेक साल मागे. गावाच्या रकान्यात सगळीकडे नुसतं 'वऱ्हाड'. शेवटी १८८६ सालचं 'लेडी कॅथरिन' बोटीचं बुक हाती लागलं. ती त्यांची पहिलीच सफर. दुसऱ्या बोटीवर चढवायला ही माणसं आधी एडनपर्यंत नेली होती, म्हणून उतारूंच्या यादीतही नाव होतं: कडूबा वल्द तुळशीराम, राहणार उंबरदरी, धामणगाव बढ्याजवळ, जिल्हा बुलढाणा. मी त्या धुळीत बसल्या बसल्या इतक्या मोठ्याने ओरडलो की खालून हेडक्लार्क धावत वर आले. बुलढाणा कोणाच्या राज्यात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नावाने निजामाचं, कारभाराने नागपूरचं, आणि आजपासून माझं.


उंबरदरी, रविवार, ता. १६

बुलढाण्याच्या सर्विस मोटारीने मोताळ्याला उतरलो. तिथून एका भल्या माणसाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, धामणगावला चालली होती, तिने पुढे उंबरदरीपर्यंत आणून सोडलं. वाटेत दोन्ही अंगांना कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि डोंगरावर नुसता पळस. गावात पारावर बसलेल्या माणसांना कडूबा तुळशीरामांचं घर विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांतल्या एकाने उठून मला एका मोठ्या धाब्याच्या घरापाशी नेलं.

दारात हिंमतराव उभे होते. शेचाळीस-सत्तेचाळीसचे असतील, आडवे, भरदार मिशांचे. मी कडूबांचा नातू, असं सांगताच ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कडूबा माह्या बापाचं नाव हाय."

हे मला स्वप्नातही नव्हतं. आजोबांची इथे बायको होती. ते जहाजावर गेले तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती, आणि पोटातला मुलगा म्हणजे हे हिंमतराव. बापाचं तोंडही न पाहिलेले. लहानपणी गावची पोरं त्यांना 'दर्याचा' म्हणून चिडवायची, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि माझी पिशवी हातात न घेताच आत गेले. त्यांचा राग मला समजला. बापाने टाकलं, आणि मुंबईला दुसरा संसार थाटला, त्याचा पुरावा म्हणून मी दारात उभा.

आतून अन्नपूर्णाबाई आल्या. सत्तरीच्या, वाळून काटकी झालेल्या, नजर मंद. पण कपाळभर कुंकू आणि हातांत हिरव्या बांगड्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, आणि विचारलं, "हाय का गेला?"

मला खोटं बोलवेना. सतरा-अठरा वर्षं झाली, असं सांगितलं. सून सत्यभामाबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. म्हातारी मात्र रडली नाही. म्हणाली, "आखाजी जवळ आली. त्या दिशी त्याची घागर भरीन, मंग कुकू पुशीन. तवरोक राहू दे." आखाजी म्हणजे आपली अक्षयतृतीया, इकडे त्या दिवशी पितरांना पाण्याची घागर देतात. तोवर मीही राहावं, असं त्यांनी सांगितलं. मुलगा आणि नातू दोघांच्या हातचं पाणी त्याला मिळू दे.

मला दोन आज्या झाल्या. एक मेलेली, एक जिवंत.


मंगळवार, ता. १८

इथे फार सुखात आहे. सकाळी हिंमतरावांबरोबर वावरात, म्हणजे शेतावर, जातो. ते कमी बोलतात, पण काल त्यांनी मला पहिला पाडाचा आंबा काढून दिला. दुपारी कढी-फुणके आणि ज्वारीची भाकरी. अन्नपूर्णाबाई शेजारी बसून वाढायला लावतात आणि मी किती खाल्लं ते ताटावर हात फिरवून बघतात. मी त्यांना आजी म्हणू लागलो आहे.

देवकही कळलं. कळंब. कालच भगवानरावांना लांबलचक पत्र लिहून धामणगावच्या टपालात टाकलं. कुळी, देवक, गाव, घरचं वावर, सगळं घातलं. कोकिळा ते पत्र चोरून वाचणार, म्हणून दोन ओळी तिच्यासाठीही घातल्या.

मला पडवीतली खोली दिली आहे. भिंती जाड, दुपारी गार. आज जेवून पडलो होतो. जाग आली ती खालून कोणीतरी हाक मारत होतं म्हणून. आवाज पुरुषाचा, मोकळा, गडी कामाच्या वेळी एकमेकांना मारतात तसा. "ए निवृत्ती, दोर टाक बे." पुन्हा एकदा. खोलीत आंबलेल्या ज्वारीचा वास भरला होता आणि छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं होतं. बाहेर अंगणात आलो तर चिटपाखरूही नाही.

सत्यभामाबाईंना विचारलं, आपल्याकडे निवृत्ती नावाचा कोणी गडी आहे का. नाही म्हणाल्या. वासाचं त्यांना नवल वाटलं नाही. पडवीखाली जुनं पेव आहे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र खोलीएवढं. तोंड अंगणात गोठ्याजवळ आहे, त्यावर मोठी शिळा. त्यात कधीकाळी कुत्रं पडून मेलं, हवा विषारी झाली, म्हणून आजेसासऱ्यांच्या वेळेपासून बंद आहे. एकदा दोन गड्यांनी शिळा हलवायला हात लावला आणि दोघांचीही छाती भरली. तेव्हापासून कोणी त्या वाटेला जात नाही.

तेव्हा तो आवाज शेजारच्या वावरातला असावा. पेवात पोकळी आहे, आवाज घुमत असेल.


गुरुवार, ता. २०

आज दुपारी आजी म्हणाल्या, तुझ्या त्या बोटीच्या कागदात त्याच्याबद्दल काय काय लिहिलं आहे ते सगळं वाच. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मी कचेरीतून उतरवून आणलेली नक्कल घेऊन बसलो. हिंमतरावही खांबाला टेकून बसले, ऐकत नसल्यासारखे.

उतारूंच्या यादीत नाव-गाव एवढंच असतं. खलाशीबुकात मात्र माणसाची खूण लिहितात, म्हणजे एकाच्या नावावर दुसरा चढू नये. मी मराठी करून वाचलं: वय बावीस, उंची पाच फूट चार, रंग सावळा, दोन्ही गालांवर देवीचे व्रण, डाव्या हाताची करंगळी मुळापासून नाही.

आजी म्हणाल्या, "पुना वाच."

पुन्हा वाचलं. आजोबांची करंगळी बोटीवरच्या चाकात गेली, असं आमच्या घरी सगळे सांगत, तेही मी सांगितलं. आणि सांगता सांगता मीच थांबलो. हे बुक त्यांनी पहिल्या बोटीवर पाय ठेवण्याच्या आधी लिहिलेलं आहे.

 आजींनी सूप ओढलं आणि निवडून ठेवलेली ज्वारी पुन्हा निवडायला घेतली. संध्याकाळपर्यंत त्या तेच करत होत्या.

दुपारी हाक आली होती. आज दोनदा.


शुक्रवार, ता. २१

घडलं ते सगळं लिहून काढतो.

सकाळी आजींनी मला आणि हिंमतरावांना देवघरापुढे बसवलं. म्हणाल्या, "माह्या धन्याची दाही बोटं साबूत होती, लेकरा. तोंडावर एक व्रण नव्हता. करंगळी निवृत्तीची गेलती. वावरात साप डसला त्याले. माह्या धन्यानं तिथंच इळ्यानं बोट छाटलं आन पाठीवर घालून घरी आनलं. महिनाभर माह्या हातानं जेवू घातलं मी त्याले."

निवृत्ती हा या घरचा सालदार, वर्षाच्या बोलीने बांधलेला गडी. खालच्या मुलखातल्या मोठ्या दुष्काळात पोरका होऊन आलेला. आईबाप, गाव, कुळी कशाचा पत्ता नाही. कडूबा आणि तो एकाच वयाचे, एका ताटात जेवणारे. त्या साली मलकापूर स्टेशनावर बोटीसाठी माणसं जमवणारा एक सारंग आला होता. कडूबाला समुद्र बघायची हौस. बापाशी भांडून त्याने जहाजाची चिठ्ठी मिळवली. एकच चिठ्ठी, त्याच्या नावाची. वर्षभर जाऊन येतो, असं तो बायकोला सांगत होता. जायचं निवृत्तीलाही होतं, पण सालदाराला साल टाकून कुठे जाता येत नव्हतं. स्वतःच्या नावाने गेला असता तर धरून आणला असता.

आजी बाळंतपणाला चिखलीला माहेरी गेल्या. जहाजावर जाण्याआधी पेव रिकामं करून द्यायचं म्हणून कडूबा आत उतरला होता आणि दोर निवृत्तीच्या हातात होता. एवढं सासऱ्यांनी पाहिलं आणि ते बाजाराला गेले. परत आले तर निवृत्ती एकटा. त्याने सांगितलं की सारंगाचा निरोप आला, कडूबा घाईने स्टेशनाकडे निघाला, मीही त्याला पोचवून येतो. आणि पेवात कुत्रं पडून मेलं आहे, हवा वाईट आहे, शिळा लावली आहे, उघडू नका. तो परत आला नाही. त्याला तरी घरी कोण होतं, तोही पळाला, असं सगळे समजले.

आजींचं सांगून झालं आणि मी बोलून गेलो. माझे आजोबा कधी बंद खोलीत झोपत नसत. भर पावसात गॅलरीत पथारी टाकायचे. बोटीच्या भट्टीपुढे आयुष्य गेलं म्हणून, असं आम्ही समजायचो. शेवटी श्वास पुरेना तेव्हा खिडक्या उघडा, खिडक्या उघडा म्हणत होते, आणि मध्येच कोणाला तरी "आलो, आलो" म्हणून उत्तर देत होते. वडीलही तसेच गेले. हे मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

हिंमतराव उठून अंगणात गेले. शिळेवर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसे. ज्या बापाला जन्मभर शिव्या दिल्या तो अंगणातच होता.


शनिवार, ता. २२

काल दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाही. वाईटही कोणी बोललं नाही. ताट वेळेवर आलं.

मी काय केलं आहे? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आणि खरं सांगितलं तर काय उरतं? निवृत्ती, पोरका, गाव नाही, कुळी नाही, वर खुनी. भगवानराव उंबऱ्यावर उभं करणार नाहीत. पत्र तर गेलंच आहे. परळला कोण येतं आहे सांगायला? नाव कडूच राहील. कागदही तेच सांगतो, सरकारी शिक्क्याचा.

असा विचार करून दुपारी सगळे वावरात असताना मी पिशवी उचलली आणि धामणगावच्या वाटेला लागलो. गावाबाहेर कोरडा ओढा आहे. त्यात पाय ठेवला आणि श्वास बंद. वारा चांगला वाहत होता, पळसाची पानं हलत होती, पण हवा छातीत शिरेना. तोंड उघडं टाकून गुडघ्यांवर आलो. मागे सरपटलो तर श्वास आला. पुन्हा पुढे गेलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधार आला, तेव्हा परत फिरलो.

आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पत्र घातलं म्हने तू सासऱ्याले. काय नाव घातलं त्यात?"

मी पिशवी खाली ठेवली.

"दुसरं घालशील का?"

घालतो म्हणालो. दौत समोर आहे, कागद समोर आहे. लिहिलं नाही अजून.


सोमवार, ता. २४. अमावास्या

ओढा राहिला बाजूला. काल वेशीपाशी श्वास अडला, आज पारापाशी. आता घराच्या अंगणात तेवढा येतो. धामणगावचा वैद्य आणला होता. त्याने छातीला कान लावला, दमा म्हणाला, आणि पाणी न पिता निघून गेला.

हिंमतरावांनी आज शिळा काढली. गडी हात लावायला तयार होईनात. मग त्यांनी स्वतः साखळी बांधली, बैल जुंपले. शिळा सरकली तसा मला इतका मोकळा श्वास आला की डोळ्यांत पाणी आलं. पेवाच्या तोंडातून कंदील सोडला. विझला नाही. तळाशी जाऊनही स्वच्छ जळत होता.

हाक आता थांबतच नाही. "ए निवृत्ती. दोर टाक बे." चेष्टेत. मग जरा रागाने. मग नुसतं नाव. मी कानांत बोटं घातली तर आजींनी विचारलं, काय ऐकू येतं. सांगितलं. त्यांनी पेवाच्या काठाशी कान लावला, कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "मलेच काऊन नाई येत?"

त्या आज पहिल्यांदा रडल्या. मला वाटलं त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं. ठेवलं नाही. माझ्या पायाखालची जमीन धपधपत होती.


मंगळवार, ता. २५

पडवीत श्वास येत नाही. बाज ओढून पेवाच्या तोंडाशी आणली आहे. उन्हात पडून आहे. सत्यभामाबाई डोक्यावर ओली फडकी टाकून जातात, माझ्याकडे न बघता.

पत्र लिहायला घेतलं. 'मी आपणांस जे कळवले ते' — एवढंच. पुढे हात चालेना. कोकिळा काय म्हणेल —

तो हसतो आहे खाली.


बुधवार, ता. २६

काठावर पालथा पडून तोंड आत घातलं की श्वास येतो. बाहेर काढलं की नाही.

हिंमतरावांनी परातीने ऊन आत पाडलं. तो बसलेला आहे. भिंतीला पाठ लावून. गुडघे जवळ. भिंतीवर हात पोचेल तिथवर ओरखडे — चुन्यापर्यंत नाही, माती उकरून दगडापर्यंत.

कितीतरी दिवस जिवंत होता. वर घर होतं. माणसं जेवत होती.

हिंमतराव उतरायला गेले. मानेइतके आत जाताच निळे पडले, ओढून काढावं लागलं. गड्यांपैकी कोणी नाही. सगळे माझ्याकडे बघतात. मला खाली हवा आहे. फक्त मलाच.

आजी म्हणाल्या, त्याले वर आनून दे, बाप्पा. बाकी मले कायी नको.

हो म्हणालो. मनापासून म्हणालो. हाडं वर जाऊ देत, त्यांना अग्नी मिळू दे. मग सुटेन. मग खरं पत्र लिहीन. शपथ.


गुरुवार, ता. २७. आखाजी

सकाळी आजींनी स्वतः पाणी तापवून दिलं. पेवाच्या तोंडाशी बसूनच अंघोळ केली. अंगणात घागर भरून ठेवली आहे, वर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला आंबे. कुंकू अजून कपाळावर आहे. कमरेला दोर त्यांनीच बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. वही आणि पेन्सिल बंडीत घेतली आहे. वर राहिली तर कोण वाचेल, कोण जाणे.

—

खाली आहे. श्वास येतो. पोटभर. दहा दिवसांत असा श्वास घेतला नाही. हवा थंड, गोड. वर उजेडाचं गोल ताट.

तो हलका होता. एवढी वर्षं, आणि हाडं इतकी हलकी. सगळी धोतरात बांधली. एकूण एक. बोटं मोजली नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

कमरेचा दोर सोडून गाठोड्याला बांधला. आधी ते वर जाऊ दे म्हणालो. गेलं. वर आजींचा आवाज — रडणं नव्हे. बांगड्या फुटल्या.

आता दोर —

वाट बघतो आहे.

—

आजींचं डोकं दिसतं काठावर. कपाळ मोकळं. विचारतात, तू कोन?

वामन, म्हणालो.

पुन्हा विचारलं, कोनाचा?

 सांगितलं. ओरडून सांगितलं. निवृत्तीचा. निवृत्तीचा नातू. दोनदा, तीनदा. खरं सांगितलं. देवा, खरं सांगितलं —

त्या म्हणाल्या, "असं. मंग ऱ्हाय तिथं."

डोकं गेलं.

बैलांच्या घुंगरांचा आवाज. साखळी. हिंमतराव रडतो आहे, मोठ्याने, पोरासारखा — आणि बैल हाकतो आहे — सत्यभामाबाई नको नको म्हणतात —

हिंमतराव, मी पत्र लिहितो, आज लिहितो —

उजेड अर्धा. भाकरीएवढा. नखाएवढा, त्यातच लिहितो आहे —

हाडं सगळी वर गेली. मी स्वतः बांधली. इथे काही उरलं नाही. मग भिंतीशी, माझ्या खांद्याला लागून, हा कोण बसला आहे —

हवा चांगली होती. आत्तापर्यंत चांगली होती. त्याने माझ्या कानाशी एक लांब श्वास घेतला, जन्मभराचा, आणि सगळी हवा —